मागवून फेकून दिलेली पानं

आमची सून स्वयंपाकघरात येतानाही दार वाजवते. दार सताड उघडं असतं, आत माझी बायको भाजी चिरत असते, आणि ही बाहेर उभी राहून दोन बोटांनी टकटक करते. माझ्या बायकोला मी घरात सरकार म्हणतो, कारण कारभार त्यांचाच आहे. तर सून नवी होती तेव्हा सरकार वैतागायच्या. "अगं, स्वयंपाकघराला कोण दार वाजवतं? मी काय आत तिजोरी फोडतेय?" सून हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टकटक. माझा मुलगा म्हणाला, "आई, तिला बदलायच्या भानगडीत पडू नकोस. मी हरलोय."

या मुलीच्या आयुष्यातले काही दिवस मला सांगायचेत. तीन वर्षं राबून केलेली तिची एक गोष्ट जगभरातल्या फोनांवर जाणार होती. ऐन तोंडावर तिला त्या कामात एक भोक सापडलं. हात वर करून "थांबा" म्हणायचं की गप्प बसायचं, एवढाच प्रश्न होता. गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

पण आधी तिचं काम सांगतो, नाहीतर गोष्ट अधांतरी राहील. ती ब्राउझर बनवते. ब्राउझर म्हणजे फोनमधली ती खिडकी, जिच्यातून आपण बातम्या, हवामान, तिकिटं बघतो. मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो, मग पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह फिरवायला चिकटलो आणि निवृत्त होईपर्यंत फिरवतच राहिलो. मला वाटायचं, खिडकी एकदा बसवली की बसवली, त्यात रोज ऑफिसला जाऊन करायचं काय? एकदा विचारलंच. "पोरी, तू दिवसभर नेमकं करतेस काय?"

"बाबा, तुम्ही काही शोधलंत की खाली दहा नावं येतात ना? तुम्ही ती वाचेपर्यंत फोन रिकामा बसलेला असतो. तेवढ्यात तुम्ही कुठल्या नावावर बोट ठेवाल याचा तो अंदाज बांधतो आणि ते पान आधीच आणून ठेवतो. तुम्ही बोट टेकवलं की पान हजर."

मी थक्क झालो. दुसऱ्या दिवशी केस कापायला गेलो तेव्हा न्हाव्याला हे रंगवून सांगितलं. तो कात्री थांबवून म्हणाला, "म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधीच केस कापून ठेवायचे म्हणा की!" दुकान हसलं. घरी येऊन मी सुनेला हे सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, "बाबा, अडचण तीच आहे. गिऱ्हाईक आलंच नाही तर? ज्या साइटवर तुम्ही पाऊलही ठेवलं नाही तिला वाटतं, तुम्ही येऊन गेलात. पान आणायला गेलेल्या फोननं तुमचा पत्ताही तिथे सांगितलेला असतो."

"मग आणूच नका आधी!"

"मग पान हळू येतं. हळू आलं की लोक आम्हाला सोडून दुसऱ्या ब्राउझरकडे जातात, आणि तो तर काहीच लपवत नाही."

झालं का? इकडे आड तिकडे विहीर. या दोघांच्या मधली अरुंद वाट शोधणं, हे आमच्या सुनेचं काम.

आणि तिनं शोधली होती! मध्ये एक निरोप्या ठेवायचा. म्हणजे माणूस नव्हे, दुसऱ्या कंपनीचं यंत्र. आपला फोन पान मागवतो ते त्या निरोप्याकडून, बंद पाकिटात घालून. पाकीट कुणाच्या घरून आलं आणि कुठल्या साइटला द्यायचंय हे निरोप्याला कळतं, पण आत काय आहे ते कळत नाही. साइट पाकीट उघडते, आत काय हवंय ते वाचते, पण ते कुणी पाठवलं हे तिला कळत नाही. दोघांकडे अर्धं अर्धं.

मी लगेच शंका काढली. "आणि दोघं एकमेकांना भेटून बोलले तर?"

"त्यावरच आम्ही वर्षभर भांडलो, बाबा," ती म्हणाली.

 माझी सगळी हयात पाणी कुठून आलं आणि कुठे गेलं ते सांगण्यात गेली. पाणीपुरवठ्यात जो हे सांगू शकत नाही त्याला साहेब हाकलून देतो. आणि इथे या पोरांनी मुद्दाम अशी पाइपलाइन टाकली की तिच्यावरच्या एकाही माणसाला सगळं कळू नये, आणि तरीही पाणी बरोबर नळाला यावं! मी सरकारना हाक मारून हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाण्याचं काय? गेलं का पाणी?"

त्यांना अलीकडे असं अर्धवटच ऐकू यायचं.

एकदा सून मला तिच्या ऑफिसात घेऊन गेली. तिथे एक खोली आहे, ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. खोलीभर फोन! भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर ओळीनं फोन, प्रत्येकाला वायर, आणि सगळे आपले आपण पानं उघडतायत. एकाही फोनवर माणसाचा हात नाही. नवेकोरे होते, काच तडकलेले होते, आणि खाली कोपऱ्यात अगदी माझ्या फोनासारखा एक होता, धापा टाकत. पलीकडे जाळी लावलेली एक पेटी. तिच्यात म्हणे मुद्दाम खराब नेटवर्क तयार करतात.

मी म्हटलं, "आमच्या जिन्यात ते फुकट मिळतं, तिथून घ्यायचं!"

मागून कुणीतरी खो खो हसलं. तो त्या खोलीचा मालक. पान किती वेळात उघडतं ते मोजणं त्याचं काम, आणि सुनेनं काही नवं आणलं की "यानं वेळ वाढला" म्हणून नाक मुरडणं हाही त्याच्या कामाचाच भाग. घरी त्याच्याबद्दल इतकं बोलणं व्हायचं की आम्ही त्याला मिलीसेकंदराव म्हणायचो. सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातला एक म्हणजे मिलीसेकंद, आणि हा गृहस्थ एकेका तुकड्यासाठी जेवण सोडतो. मला वाटलं होतं, कुणी खडूस असेल. निघाला गोल चेहऱ्याचा, बाहीला शाईचा डाग असलेला.

त्यानं कोपऱ्यातल्या त्या धापा टाकणाऱ्या फोनावर हात ठेवला. "काका, अगदी असाच फोन माझ्या आईकडे आहे. तिच्याकडे नेटवर्क म्हणजे नावाला. पान आलं नाही की तिला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं, आणि ती फोन बाजूला ठेवून देते. तुमच्या सूनबाई जे जे लपवतात त्याची किंमत या फोनाला मोजावी लागते. म्हणून मी भांडतो."

येताना मी सुनेला म्हटलं, "माणूस चांगला आहे गं." ती म्हणाली, "तेच तर! वाईट असता तर सोपं नसतं का गेलं?"

आता त्या भोकाकडे येतो.

साइटवर एकदा जाऊन आलो की ती आपल्या फोनात एक ओळखचिठ्ठी ठेवून देते. पुढच्या वेळी गेलो की चिठ्ठीवरून ओळखते. या चिठ्ठीला त्यांच्यात बिस्किटाचं नाव आहे, कुकी. का, ते विचारू नका, मी विचारून थकलो. ज्या साइटची चिठ्ठी आपल्याकडे आधीच आहे तिचं पान निरोप्याकडून गुपचूप मागवून उपयोग नाही. चिठ्ठी दाखवली तर ओळख पटली, न दाखवली तर परक्याला देतात तसलं पान मिळतं. म्हणून सुनेनं नियम केला होता, चिठ्ठी असेल तिथे आधी मागवायचंच नाही. सावधपणा म्हणून.

सगळीकडे जायच्या आधी ही नवी वस्तू तिनं घरच्यांच्या फोनात घातली. एका रविवारी दुपारी तिनं एक चाचणीचं पान बनवलं. त्यावर आमच्या कधी बघण्यात न आलेल्या साइट: परगावचं वर्तमानपत्र, तिथलं हवामान, बूट, झाडांची रोपं, कानाची यंत्रं, असली काही नावं. मी एकेकावर बोट ठेवलं. काय सांगू! बोट टेकायच्या आत पान. जणू दाराआड उभंच होतं. मी लहान पोरासारखा ओरडलो, "सरकार, तुमचा फोन आणा! बघा तर खरं!" दोघांचे फोन एकदमच घेतलेले, अगदी सारखे. त्यांचा फोन घेऊन मीच बोट लावत सुटलो. वर्तमानपत्र, फटकन. बूट, फटकन. रोपं, फटकन. कानाची यंत्रं... थांबलं. गोल फिरत राहिलं. मग आलं.

"हे एकच का अडलं?" मी म्हटलं.

सरकारनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. सून माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. "नेटवर्क असेल, बाबा," एवढंच म्हणाली आणि आत गेली. माझी ट्यूब काही पेटली नाही.

संध्याकाळी मी गॅलरीत कपडे काढत होतो. स्वयंपाकघराच्या दारावर टकटक झाली, आणि मग सुनेचा आवाज, अगदी हळू. "आई, एक सांगायचंय."

"काय?"

"आई, मला तुमची एक खासगी गोष्ट कळलीय."

"काय म्हणालीस? कुकरमध्ये काय कळलं?"

"कुकर नाही! तुमची गोष्ट. मी बघायला गेले नव्हते. माझ्या कामातून कळली. मी कुणाला सांगणार नाही, पण मला कळलीय हे तुम्हाला माहीत असायला हवं, म्हणून—"

"मोठ्यानं बोल बाई!"

"तुम्ही कानाच्या यंत्राच्या साइटवर जाऊन आलात!"

शेजारच्या इमारतीतली कबुतरंसुद्धा उडाली. कपड्यांचा ढीग घेऊन मी आत गेलो तर दोघी एकमेकींकडे बघत उभ्या. सरकार माझ्यावरच उखडल्या. "आता तुम्हीही ऐकलंत ना? झालं समाधान?"

"अहो, मला वर्षभर माहीत आहे. मी घरात उगाच का ओरडून बोलतो?"

"मला वाटलं पंपहाउसची सवय!"

तिघं हसलो, पण सून लवकर थांबली. खुर्चीवर बसली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बोलायला लागली. "आई, तुमच्या फोननं काही केल्यामुळे मला कळलं नाही. काही *न* केल्यामुळे कळलं. बाकी सगळी पानं आधी मागवली, तेवढं मागवलं नाही. म्हणजे तिथली चिठ्ठी तुमच्याकडे आहे. म्हणजे तुम्ही जाऊन आलात. आपण ज्या पानावर उभे असतो त्या पानाला हे हेरता येतं. म्हणजे उद्या कुणीही असं पान बनवेल, त्यावर शंभर आजारांची नावं टाकेल, आणि कुठली अडतात ते नुसतं बघत बसेल. मी फोनला तोंड बंद ठेवायला शिकवलं, आणि त्या बंद तोंडानंच सगळं सांगून टाकलं."



"मग सांग ना ऑफिसात," सरकार म्हणाल्या.

"पुढच्या आठवड्यात ते सगळीकडे जाणार आहे, आई. याआधी एकदा रद्द होता होता वाचलंय. वरच्यांनी बजावलंय, या खेपेला गेलं नाही तर गुंडाळा आणि दुसऱ्या कामाला लागा. मी बोलले तर कदाचित कायमचं जाईल. मग लोकांकडे जुनंच राहील, उघडं, पत्त्यासकट. हे निदान त्याहून बरं आहे. अर्धं झाकलेलं." ती एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. "गप्प बसले तर जास्त लोकांचं भलं होईल असंही वाटतं. मला खरंच कळत नाहीये."

मी विचारलं, "भोक बुजवता येत नाही का?"

"येतं. चिठ्ठी असली तरी मागवायचं. बिनचिठ्ठीचं, निरोप्याकडून. आणि आलेलं पान न बघता फेकून द्यायचं. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला फरकच दिसणार नाही."

"फेकून? म्हणजे फुकटचं पाणी सोडायचं?" माझ्यातला व्हॉल्व्हवाला जागा झाला. "वापरायचं नाही आणि नळ सोडायचा?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "बाबा, लहानपणी आम्ही दोन खोल्यांत सात जण होतो. मला रडायचं असलं की मी मोरीत जाऊन नळ सोडायचे. वडील बाहेरून ओरडायचे, पाणी वाया जातंय म्हणून. जातच होतं. पण तेवढ्या आवाजात मला रडता यायचं."

मी आयुष्यभर लोकांच्या घरातले वाहते नळ बंद करत आलो. त्या संध्याकाळी मी हातातल्या कपड्यांच्या घड्या घालायला लागलो. सरकारनी ऐकलं होतं, आणि सगळं ऐकलं होतं, कारण त्या तिच्या तोंडाकडे टक लावून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझं जाऊ दे गं. कान गेले तर गेले, लाज कसली! पण कुणाच्या तरी घरात कुणाची तरी सून असं काही शोधत असेल, की ते सासूला कळलं तर तिची धडगत नाही. तिचं काय?"

सून उठली, गॅस बंद केला आणि भात उपसायला लागली.  मी ओळखलं, ही ऑफिसात सांगणार.

पुढचं मी त्या दोघांकडून ऐकलेलं सांगतो, सुनेकडून आणि मिलीसेकंदरावांकडून. दोघांचं एकमेकांशी जुळत नाही, पण गाभा एक आहे. बैठकीत सगळे खुशीत होते. सून उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या कामात भोक आहे. माझ्या सासूबाईंच्या परवानगीनं सांगते." तिनं सगळं मांडलं.  कुणीतरी म्हणालं, इतकं कोण हेरत बसणार आहे? ती म्हणाली, "मी हेरलं. आणि मी तर हेरतही नव्हते."

मिलीसेकंदरावांनी डोक्याला हात लावला. "तू वेडी आहेस का? पान मागवून फेकायचं? माझ्या खोलीत एकेका अक्षराच्या वजनावरून मारामारी चालते, आणि तू आख्खी पानं कचऱ्यात घालणार?"  आणि मग त्यानंच विचारलं, "दर वेळी फेकायलाच हवं का?"

तिथून जे भांडण सुरू झालं ते दिवस मावळला तरी संपेना. पण बघा, ते आता "करायचं की नाही" यावर नव्हतं. कितीदा, यावर होतं. शेवटी ठरलं की ब्राउझरनं मनातल्या मनात नाणं उडवायचं. कधी मागवून फेकायचं, कधी नाही. आणि ज्यांच्याकडे चिठ्ठी नाही त्यांचंही पान अधूनमधून मुद्दाम मागवायचं नाही, म्हणजे अडलं तरी त्यातून कुणाला छातीठोकपणे काही म्हणता येऊ नये. परक्या माणसाचं गुपित झाकायला यंत्र नाणं उडवतं! मी हे न्हाव्याला सांगितलं तेव्हा तो कात्री चालवायचीच विसरला, आणि या खेपेला थट्टा केली नाही.

पण मिलीसेकंदराव एका गोष्टीवर अडून बसले. ज्यांचे फोन जुने आहेत, ज्यांना डेटा मोजून वापरावा लागतो, त्यांच्या खिशातून फेकायची पानं मागवायची नाहीत. त्यांच्याकडे हे सगळंच बंद. आधी आणणंही नाही, फेकणंही नाही. सुनेनं खूप वाद घातला. ती म्हणाली, "मग वेगाचा फायदा फक्त भारी फोनवाल्यांना? हे मी यासाठी केलं नव्हतं." तो म्हणाला, "तुझ्या लपवाछपवीचं बिल त्यांनी भरायचं, हे मी होऊ देणार नाही." दोघांचं खरं होतं. सून हरली. ती खेप चुकली, आणि वस्तू पुढच्या खेपेला गेली. वरच्यांनी कुरकुर केली, पण गुंडाळलं नाही, कारण मिलीसेकंदराव तिच्या शेजारी उभे राहिले होते.

वस्तू सगळीकडे गेली त्या दिवशी सरकारनी मिलीसेकंदरावांना जेवायला बोलावलं. त्यांच्या कानात नवं यंत्र होतं, आणि त्या मुद्दाम कुजबुजत होत्या. बिचारा दारात आला तर म्हणाल्या, "या, या, मिलीसेकंदराव!"

तो सुनेकडे वळला. "हे काय नवीन?"

"जुनं आहे," सून म्हणाली. "आत ये."

जेवताना दोघं पुन्हा नाण्यावरून भांडायला लागले. माझा मुलगा म्हणाला, "ताटावर नको हो, निदान हात धुईपर्यंत थांबा." मी मध्येच मिलीसेकंदरावांना विचारलं, "मग तुमच्या आईंच्या फोनावर काय होणार?"

तो घास हातात धरून थांबला. "काही नाही, काका. तिचा फोन बंदवाल्यांतच येतो. तिला पान पहिल्यासारखंच हळू येणार." मग म्हणाला, "मी तिला सांगितलं नाहीये अजून. इतकी वर्षं तिला म्हणत होतो, थांब, तुझ्यासाठी काहीतरी करतोय."

सून पाण्याचा ग्लास फिरवत राहिली. सरकार म्हणाल्या, "लाव की फोन. आत्ताच."

त्यानं लावला आणि मेजावर ठेवला. पलीकडून भांडी, कुणाची तरी हाक, मग आई. त्यानं सांगायचा प्रयत्न केला. निरोप्या, चिठ्ठी, नाणं, सगळी गुंतागुंत झाली. शेवटी म्हणाला, "आई, थोडक्यात, तुझं पान काही लवकर येणार नाही. माझ्यामुळेच."

"मग येऊ दे सावकाश," ती म्हणाली. "पान येईपर्यंत मी चष्मा पुसते. तेवढाच तो पुसला जातो. तू जेवलास का?"

"जेवतोय."

"कुणाकडे?"

त्यानं सुनेकडे पाहिलं. "जिच्याशी मी रोज भांडतो ना, तिच्याकडे."

"मग नीट बस आणि जेव," आई म्हणाली, आणि फोन ठेवला. मिलीसेकंदरावांनी ताट पुढे केलं, आणि आमच्या सुनेनं त्यात वाढलं.